एक कात्री आपली, एक जंतूंची

गेल्या दिवाळीत आम्ही वसमतला थोरल्या भावाकडे होतो. नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नाने आटोपली, फराळाची ताटे मांडली गेली, आणि भावाचा पाच वर्षांचा नातू शिंकत शिंकत येऊन बसला. नाक वाहत होते, अंग किंचित कोमट होते. वहिनींनी फडताळ उघडून एक बाटली काढली. तळाशी बोटभर गुलाबी औषध उरले होते.

"मागच्या पावसाळ्यात ह्यानंच उतार पडला होता," त्या म्हणाल्या. "एक चमचा देते, म्हणजे फुलबाज्या तरी उडवील."

मी बाटलीवरचे नाव वाचले. अमॉक्सिसिलिन! "वहिनी, हे देऊ नका," मी म्हटले.

"का हो भाऊजी? एवढं पैशाचं औषध फेकून द्यायचं का?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र दोन वाक्यांत मावण्यासारखे नव्हते. फराळ संपून चहाचा दुसरा फेरा झाला तरी आमचे बोलणे चालूच होते. तेच येथे सांगतो, कारण अशी बोटभर उरलेली बाटली आपल्यापैकी पुष्कळांच्या फडताळात आजही असेल.

हळद का शिजवतात?

वसमतच्या माणसाला काही समजावायचे तर हळदीपासून सुरुवात करावी. या गावाचा मोंढा हळदीवर चालतो. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतातून काढलेली ओली हळद लगेच वाळत घालीत नाहीत, आधी शिजवतात. पूर्वी मोठमोठ्या काहिलींत शिजवीत, आता वाफेवर शिजवतात.

का शिजवायची? कारण ओला कंद जिवंत असतो. त्याच्या पेशीपेशीत लाखो कामगार खपत असतात. कोणी पिष्ट फोडून त्याची साखर करतो, कोणी नवा कोंब फुटावा म्हणून सामान जमवतो. हळदीचा पिवळा रंगही असेच कामगार टप्प्याटप्प्याने घडवतात. उकळत्या पाण्यात हे सारे कामगार निकामी होतात. मग कंदाला कोंब फुटत नाही, कच्चा वास जातो, हळकुंड लवकर वाळते आणि टिकते.

या कामगारांना शास्त्रात विकर म्हणतात. एन्झाइम हे त्यांचे इंग्रजी नाव आता आपल्याही कानांवरून गेलेले आहे. त्यांची करामत पाहायला प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घालून मिनिटभर नुसता चावत राहा. तो गोड लागू लागेल. लाळेतल्या विकराने पिष्टाची साखर करायला घेतलेली असते.

दोन स्थळे जुळवून देणारा मध्यस्थ स्वतः मात्र ब्रह्मचारीच राहतो, तसे हे विकर असतात. रासायनिक क्रिया घडवून आणतात, तिचा वेग कितीतरी पटींनी वाढवतात, आणि स्वतः होते तसेच शिल्लक राहतात. अशा पदार्थांना उत्प्रेरक म्हणतात. कारखान्यांत धातूंचे उत्प्रेरक असतात, पण त्यांना पुष्कळदा मोठी उष्णता आणि मोठा दाब लागतो. विकर अंगाच्या उबेइतक्या पाण्यात काम करतात आणि नेमून दिलेल्या कामापलीकडे सहसा हात घालीत नाहीत. 1897 साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चुरडून त्यांचा रस गाळून घेतला, तर त्या निर्जीव रसानेही साखरेची दारू होऊ लागली! विकराला कामाला लावण्यासाठी अख्खा जीव लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. 1907 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधांच्या कारखान्याला ही वाट पुढे फार उपयोगी पडली.

पिंपरीची बुरशी आणि तिचे शेपूट

आमचे एक काका निजामाच्या अमदानीत बाराव्या वर्षी गेले. पायात बाभळीचा काटा मोडला, एवढेच निमित्त. आजीने जखमेत हळद भरली, शेक दिला, नवस बोलली. चौथ्या दिवशी मांडीपर्यंत सूज चढली आणि आठव्या दिवशी सारे संपले. आजी पुढे ऐंशी वर्षांची होईपर्यंत काट्याचे नाव निघाले की गप्प होई. अशी एखादी आठवण त्या काळच्या बहुतेक घरांत सापडेल.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन 1928 सालीच दिसले होते. ते औषध म्हणून हाती आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. स्वतंत्र भारताने आपले पेनिसिलिन आपणच करायचे ठरवले आणि 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिने सोडलेले औषध गाळून शुद्ध करायचे, असे ते काम.

बुरशीने दिलेल्या या मूळ पेनिसिलिनमध्ये दोन उणिवा होत्या. पोटातल्या आम्लात ते टिकत नसे, म्हणून सुई टोचून घ्यावी लागे. आणि पुष्कळ जातींच्या जंतूंवर त्याचा प्रभाव पडत नसे. ते सुधारायचे तर त्याची ठेवण पाहिली पाहिजे. पेनिसिलिनच्या रेणूत एक चौकोनी कडी असते आणि तिला जोडलेले एक शेपूट असते. जंतूला मारते ती कडी. जंतू आपल्या अंगाभोवती जी भिंत बांधतो, तिच्या गवंड्याच्या हाताला ती जाऊन चिकटते. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपण बचावतो. शेपटावर मात्र औषधाचा स्वभाव ठरतो: पोटात टिकेल की नाही, कोणत्या जंतूंपर्यंत पोचेल. तेव्हा जुने शेपूट तोडून नवे लावता आले तर?

1957 साली इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या संशोधकांना शेपटाविना असलेला गाभा वेगळा करता आला. त्याला नवी शेपटे जोडून 1961 साली अँपिसिलिन आणि 1972 साली अमॉक्सिसिलिन बाजारात आले. सुईच्या जागी गोळी आली आणि मुलांसाठी गोड पातळ औषध आले.

परंतु हे शेपूट तोडणे सोपे नव्हते. चौकोनी कडी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. शेपटाच्या सांध्याआधी तीच तुटायची. रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर युक्ती काढली. शून्याखाली 40 अंशांपर्यंत थंडी, पाण्याचा थेंबही चालायचा नाही, आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी जहाल द्रव्ये. काम होई, पण खर्च मोठा आणि घाणही मोठी.

मग विकर मदतीला आला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या काही वाणांत पेनिसिलिन अॅसिलेज नावाचा विकर असतो. साध्या पाण्यात, सुमारे 37 अंशांच्या उबेला, तो नेमके शेपूट कापतो आणि कडीला धक्का लावीत नाही! बारीक मण्यांवर हा विकर पक्का बसवला, की काम झाल्यावर मणी गाळून घ्यायचे आणि पुन्हा वापरायचे, असे शेकडो वेळा करता येते. जगभरच्या कारखान्यांनी थंडीची जुनी पद्धत हळूहळू सोडली. आणखी गंमत अशी, की परिस्थिती अनुकूल करून दिली तर हाच विकर उलटे कामही करतो, म्हणजे नवे शेपूट जोडूनही देतो.

या कामात मराठी मुलुख मागे नव्हता. पिंपरीचा कारखाना आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, या दोन्ही ठिकाणी या विकरावर संशोधन झाले. याच कुळासारखे काम करणाऱ्या पेनिसिलिन-व्ही अॅसिलेजची त्रिमिती रचना 1999 साली पुण्याच्या सी. जी. सुरेश, एच. शिवरामन आणि सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील यॉर्कच्या शास्त्रज्ञांबरोबर, जगापुढे मांडली.

पण नुसती विद्या असून भागत नाही, ती चालू ठेवावी लागते. बाहेरून स्वस्त माल येऊ लागला तसे आपल्याकडचे मूळ पेनिसिलिनचे उत्पादन बंद पडले आणि देश बराचसा चीनच्या मालावर विसंबून राहिला. 2020 साली सरकारने प्रोत्साहन योजना आखली आणि 2024 साली आंध्रात काकिनाडाजवळ मोठा कारखाना सुरू झाला.

दुसरी कात्री

"हे सगळं ठीक," वहिनी म्हणाल्या, "पण माझ्या बाटलीचं काय?"

त्या बाटलीपाशीच आता आपण आलो. शेपूट कापणारी कात्री आपल्या हाती आली, तशीच एक कात्री जंतूंच्याही हाती आहे. आणि ती कापते नेमकी चौकोनी कडी! अब्राहम आणि चेन यांनी 1940 सालीच, म्हणजे पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोचण्याआधी, जंतूंतला हा विकर ओळखला होता. तो ज्या जंतूजवळ असतो, त्याच्यापुढे पेनिसिलिनचे काही चालत नाही. त्यावर क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा तोडगा निघाला. ते त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकते आणि तिला जाम करते. अमॉक्सिसिलिनबरोबर ते 1981 पासून देऊ लागले. पण जंतूंनीही न जाम होणाऱ्या नव्या कात्र्या मिळवल्या आहेत.

जंतूंना ही कात्री वाटतो कोण? आपणच. औषध विनाकारण घेतले, की शरीरातले साधे जंतू मरतात आणि कात्रीवाले तेवढे उरतात. मोकळ्या रानात ते पसरतात. इतकेच नव्हे, कात्रीची कृती शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतात. सर्दी होते विषाणूंमुळे. त्यांना ना भिंत, ना गवंडी. तेथे अमॉक्सिसिलिन काय करणार? शिवाय पाणी घातलेल्या औषधातली कडी आपोआपच तुटत जाते. म्हणून तर ते दुकानात कोरडी भुकटी म्हणून मिळते आणि पाणी घातल्यावर थोड्याच दिवसांत संपवायचे असते. पावसाळ्यातली बाटली दिवाळीत औषध उरलेलीच नव्हती.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असे औषध सुरू करू नये, सांगितले असेल तितके दिवस चुकवू नये, आणि उरलेले कोणासाठी राखून ठेवू नये, एवढे तीन नियम प्रत्येक घराने पाळले तरी पुष्कळ झाले. नाही तर काट्याने मूल दगावण्याचे आजीचे दिवस परत येतील, आणि तेव्हा फडताळात बाटल्या असूनही आपले हात रिकामेच राहतील.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. काकांची गोष्ट त्यांनीही आजीच्या तोंडून ऐकली होती. मग बाटली उचलून म्हणाल्या, "मोरीत ओतून देते."

"मोरीत नको," मी म्हटले. "तिथंही जंतू असतात. त्यांना फुकट शिकवणी कशाला?"

त्या हसल्या. औषध मातीत कालवून, कागदात गुंडाळून कचऱ्यात गेले. नातवाला कोमट पाणी आणि पांघरूण मिळाले. भाऊबीजेला तो अंगणात फुलबाज्या उडवीत होता.