जुनं सागवान कोणाचं?

बीड, धारूर, अंबाजोगाई या जुन्या गावांत माळवदाची घरं अजून उभी आहेत, पण दर उन्हाळ्यात त्यातली काही उतरतात. सागवानी खांब, त्यावर तुळया, वर किलचण आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी ही माती नव्याने घालणारी माणसं आता मिळत नाहीत. माळवद गळायला लागलं की मुलं म्हणतात, स्लॅब टाकू. मग गुत्तेदार येतो, घर फिरून बघतो, चौरस फुटाचा भाव सांगतो. घरधनी थोडं कमी करून घेतो, चहा होतो, उचल दिली जाते. काम ठरलं. खाली उतरणारं सागवान कोणाचं, हे मात्र त्या बोलण्यात कोणीच काढत नाही.

मी बीडच्या कोर्टात वकिली करते. लाकडावरून बिनसलेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा गुत्तेदार म्हणतो, ‘मॅडम, उतरवायची मजुरी मी लावलीच नाही, लाकूड धरूनच भाव दिला होता.’ घरधनी म्हणतो, ‘आजोबांनी घडवून घेतलेलं दार मी फुकट देईन का?’ दोघंही खरं बोलत असतात. एकाच बैठकीतून दोघं दोन वेगळे हिशेब मनात घेऊन उठले होते, आणि ते जुळवून बघायला कागद नव्हता.

माझे वडील गवंडी होते. एका घराचं काम चालू असताना मालकाने त्यांना सांगितलं, ‘मिस्त्री, मागची भिंतही उचलून घ्या, बघू नंतर.’ वडिलांनी भिंत उचलली. शेवटच्या हिशेबाला मालक म्हणाला, ती गुत्त्यातच होती. त्या भिंतीचे पैसे आमच्या घरात आले नाहीत. म्हणून लेखी कराराचं बोलणं निघालं की तो फक्त मालकाच्या बचावाचा कागद आहे, हा समज मला सहन होत नाही.

कायदा तोंडी ठरावाला खोटं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही करारच आहे. त्याच कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा इरादा नसताना एखाद्याने काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावाच लागतो. म्हणजे वडिलांच्या भिंतीचे पैसे कायद्याने निघत होते. अडचण पुराव्याची होती. भिंत दिसते, ती कोणत्या भावात ठरली, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं.

इथे आणखी एक फरक आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. राहत्या घराचं काम बिघडलं तर मालकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणीचा थेट उल्लेख आहे. तक्रार दोन वर्षांत करायची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण मिस्त्रीचे पैसे बुडाले तर त्याला हे दार उघडं नाही. त्याने दिवाणी दावा लावायचा, तोही तीन वर्षांच्या आत. हातात कागद असण्याची गरज त्यालाच जास्त आहे.

मग कागदावर काय लिहायचं? बाजारात मिळणारे छापील मसुदे ‘काम समाधानकारक करून देईन’ असं म्हणतात. त्याने काहीच ठरत नाही. सिमेंट-लोखंड कोणाचं, गिलाव्यात माल कोणत्या प्रमाणात, फरशी कोणती, जुनी फरशी आणि राडारोडा कोण उचलणार, शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीला धक्का लागला तर भरून कोण देणार, हे लिहावं. आणि सागवान: किती खांब, किती तुळया, किती दारं, ते मोजून, कोणाकडे राहणार ते लिहावं.

सगळ्यात जास्त भांडणं मोजमापावर होतात. गिलाव्याच्या मापात दारं-खिडक्या वजा करायच्या का? गुत्तेदार म्हणतो, कडा भरायला वेळ जातो, वजा करू नका. मालक म्हणतो, जिथे गिलावाच नाही तिथले पैसे कसले? याचं उत्तर भारतीय मानक १२०० मध्ये कधीचं दिलेलं आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांची पोकळी वजा करायची नाही. त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट. नेहमीचं साडेतीन बाय सातचं दार यातच बसतं. ‘मोजमाप भारतीय मानक १२०० प्रमाणे’ एवढी एक ओळ करारात घातली की अर्धी कटकट मिटते.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचंही कलम हवं. शहरातल्या तयार मसुद्यांत ते सापडणार नाही. स्लॅबला पाणी मारायचं ते साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. कोरड्या, कडक उन्हात तेच दहा आणि चौदा दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. दुकानात बहुधा मिश्र सिमेंटच मिळतं. आता एप्रिल-मे महिन्यात नळ आठवड्यातून एकदाही येत नसेल, तर हे पाणी टँकरचं. टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलं नसलं की दोघंही हात आखडतात, आणि पुढच्या पावसात स्लॅब गळतो.

पैसे देताना घरकुल योजनेकडे बघावं. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण भागातले एक लाख वीस हजार एकदम मिळत नाहीत. काम पुढे सरकतं तसा त्याचा ठिकाणासह फोटो चढवला जातो आणि मग पुढचा हप्ता सुटतो. खाजगी कामातही हेच करावं: उतरवणी झाल्यावर एवढे, स्लॅब पडल्यावर एवढे, गिलाव्यानंतर एवढे, आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून. ही राखलेली रक्कम कोणत्या तारखेला द्यायची तेही लिहावं, नाहीतर मालक ती विसरतो. मोठी उचल देऊ नये. या घरची उचल मागच्या घराच्या उधारीत जाते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तारीख घालताना दसरा-दिवाळी ध्यानात ठेवा. त्यानंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात आणि बिगारी मिळत नाहीत. उशिरासाठी दिवसाला पाच हजार दंड लिहून घेणारे मालक आहेत. कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. झेपेल असा आकडा लिहिलेला बरा.

करार स्टॅम्पवर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या जागी पाचशेचा लागतो, आणि रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढतं. स्टॅम्प नाही म्हणून करार रद्द होत नाही, पण पुरावा म्हणून दाखवताना आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. नोटरीची सक्ती नाही. मधेच काम वाढलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहावं, ‘मागची भिंत, एवढे फूट, एवढा भाव’, आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्यावं.

‘पाहुण्यातला माणूस आहे, त्याला लिहून कसं मागू?’ असं मला नेहमी विचारतात. मी सांगते, कागद तुम्हीच लिहून न्या आणि त्यात आधी त्याला काय, कधी देणार ते लिहा. मिस्त्रीला वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवा, त्याच्या ओळखीचा साक्षीदार घ्या, आणि सहीची दुसरी प्रत त्याच्या हातात द्या. कोर्टात येणारे बहुतेक करार मालकाच्याच फायलीत निघतात. गवंड्याकडे मागितला की तो म्हणतो, सही केली होती, कागद मिळाला नाही.