मूत्रपिंडाची गोष्ट (भाग ५) : बाटलीतून, गोळीतून

मागच्या भागात मूत्रपिंड हळूहळू, वर्षानुवर्षं कसं झिजतं ते पाहिलं. आज उलट प्रकार. काल धडधाकट असलेलं मूत्रपिंड दोन-चार दिवसांत बंद पडतं, तेव्हा नेमकं काय होतं?

१९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे फार भयंकर रीतीने दिसलं. कवटीतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी तेव्हा रुग्णांना ग्लिसरीन पाजत. ते घेतलेल्या रुग्णांची लघवी थांबू लागली आणि १४ जण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन निघालं. न्या. लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. आता असं पुन्हा होणार नाही, असं तेव्हा वाटलं असेल. २०२५च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यांतली बरीचशी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या औषधात हेच रसायन तब्बल ४८.६ टक्के निघालं. चालू शकतं ०.१ टक्का! चाळीस वर्षांत आपण काय शिकलो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे विष मूत्रपिंडावरच का उठतं? दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. हे परत घेण्याचं काम बारीक नलिकांच्या पेशी करतात. काम जड, त्यामुळे त्यांना प्राणवायू आणि ऊर्जा सतत लागते. यकृत डायएथिलीन ग्लायकॉलचं एका आम्लात रूपांतर करतं, ते आम्ल नेमकं याच पेशींत साठतं आणि त्यांची ऊर्जा तोडतं. आधी उलट्या, पोटदुखी. मग लघवी कमी, मग बंद. ताप-खोकल्याच्या मुलाला उलटी झाली तर कोण मूत्रपिंडाचा विचार करणार?

म्हणून घरच्यांनी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं: लघवी. आजारी मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, तर सकाळची वाट पाहू नये. मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल, तर तेही तातडीचं. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंत शक्यतो टाळावं. साधा खोकला बहुधा आपोआप जातो.

असं भेसळीचं औषध सुदैवाने क्वचित वाट्याला येतं. रोजचा धोका चांगल्या, शुद्ध औषधांचाच असतो, फक्त ती चुकीच्या वेळी घेतलेली असतात. जुलाब-उलट्यांनी किंवा मे महिन्यातल्या उन्हातल्या कामाने शरीर सुकलेलं असतं. मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आटतं. अशा वेळी मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी रुंद करतं आणि बाहेर जाणारी आवळतं. गाळणीवरचा दाब त्यामुळे टिकून राहतो. तेवढ्यात अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणलं जातं. ही वेदनाशामकं आत येणाऱ्या वाहिनीचं रुंदावणंच रोखतात. रक्तदाबाची रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर बाहेरची वाहिनीही सैल पडते. वर लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उरलंसुरलं पाणीही जातं. तिन्ही गोळ्या आपापल्या जागी उत्तम. पण सुकलेल्या शरीरात तिन्ही एकत्र आल्या की गाळणीवरचा दाब कोसळतो.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘ही चालू ठेवू का?’ असं विचारा. दुखण्याला पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत बरं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घोळणारे पुष्कळ भेटतात, त्याने जुलाब वाढू शकतात. गुडघेदुखीवर बिनलेबलाची चूर्णं आणि भस्मं मिळतात. त्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, तेव्हा तिकडे फिरकूच नका.

आता तपासणीतली एक मेख. क्रिएटिनिन ०.८ असलेल्या बाईंचा आकडा तापात १.२ झाला, तर पुष्कळ लॅबच्या कागदावर तो ‘नॉर्मल’ रकान्यातच बसतो. प्रत्यक्षात आठवड्याच्या आत दीडपट वाढ, किंवा दोन दिवसांत ०.३ने वाढ, म्हणजे मूत्रपिंडाला अचानक इजा झाली असं धरतात. हा आकडा मुळात उशिरा हलतो. इजा आज, वाढ उद्या-परवा. जुना रिपोर्ट हाताशी नसेल तर डॉक्टरांना तुलनाच करता येत नाही. फायलीतले जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका.

आणि डायलिसिसची भीती. ‘एकदा लागलं की जन्माचं लागलं’ म्हणत नातेवाईक सही करायला दोन दिवस लावतात आणि ते दोन दिवसच महागात पडतात. हे म्हणणं जुन्या, झिजलेल्या मूत्रपिंडाबाबत बहुतेकदा खरं आहे. अचानक बिघाडात मात्र नलिकांच्या पेशी नव्याने वाढू शकतात. काही दिवस-आठवडे यंत्राने रक्त शुद्ध करून वेळ काढायचा, तेवढ्यात अनेकांची लघवी परत सुरू होते. घरी आल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं पुन्हा तपासायची. एकदा मार बसलेलं मूत्रपिंड पुढे झिजण्याचा धोका जास्त असतो, आणि बरं वाटतंय म्हणून नेमकी हीच तपासणी राहून जाते.

(पुढील भागात : मुतखडा)