रातांधळें आणि जॉर्ज वाल्ड

सुमारें तीस वर्षांपूर्वीं वरळी कोळीवाड्यांतील एक मुलगा आमच्या वर्गांत होता. दिवसा हुशार, पण संध्याकाळच्या अभ्यासवर्गास कधीं येईना. किल्ल्याकडील वाटेवर अंधार पडूं लागला कीं तो वाळत घातलेल्या जाळ्यांत अडखळे. आम्हीं त्यास आळशी ठरविलें, वर्गांत उभें केलें. मग त्याची आई आली. "गुरुजी, पोराला सांजचं दिसत नाय."

तेव्हां आमचें संस्कृत जागें झालें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नक्तान्ध्यावर बकऱ्याचें यकृत सांगितलें आहे, तें आम्हीं मोठ्या रुबाबानें तिला ऐकविलें. ती म्हणाली, "आमच्या घरात मासळीला नि कलेजीला कधी तोटा पडला? मग?" आम्ही म्हणालों, "आणखी द्या." त्या "आणखी"पायीं मुलाचे सहा महिने फुकट गेले.

तिच्या "मग?"चें उत्तर ज्यांच्या संशोधनापासून सुरू होतें, ते जॉर्ज वाल्ड. यांचा जन्म १९०६ सालीं न्यूयॉर्क येथें एका शिंप्याच्या घरीं झाला. १९३२ सालीं ते बर्लिनला ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेंत गेले. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळें येतें हें तोंवर ठाऊक होतें. डोळ्यांत तें जीवनसत्त्व करतें काय, हें मात्र गूढ होतें. वाल्ड यांना तें प्रत्यक्ष दृष्टिपटलांतच सांपडलें. झुरिच येथें पॉल कारर यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं त्याची खात्री करून घेतली. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली; वाल्ड यहुदी, ते मायदेशीं परतले, आणि १९३४ पासून हार्वर्ड हेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें.

पुढें पत्नी रूथ हबर्ड व इतर सहकारी यांसह त्यांनीं जें दाखविलें तें विलक्षण साधें आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून झालेला एक रेणू दृष्टिपटलांतील रंगद्रव्यांत वांकून बसलेला असतो. प्रकाश त्याला सरळ करतो. प्रकाशाचें काम एवढेंच! बाकी सारें डोळा आणि मेंदू करतात. १९६७ सालीं वाल्ड यांना ग्रानिट व हार्टलाइन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु सरळ झालेला रेणू पुन्हां वांकवावा लागतो, आणि तें काम दृष्टिपटलामागील थरांत एका विशिष्ट प्रथिनाकडून होतें. तें प्रथिन बनविणारें जनुक आईबाप दोघांकडूनहि सदोष आलें, तर यकृत कितीहि खा, उपयोग नाहीं. (यकृताचें नांव काढतांच आमच्या वाचकांच्या सोवळ्यांत काय होईल, तें आम्ही जाणतों. त्यांस शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेला आंबा आहेच. पण या दुखण्यांत तींहि निरुपयोगी.) याच जनुकाची निर्दोष प्रत निरुपद्रवी विषाणूंत घालून सुईनें दृष्टिपटलाखालीं सोडण्याच्या उपचारास अमेरिकेंत डिसेंबर १९१७ नव्हे, २०१७ मध्यें मान्यता मिळाली. शतक चुकावें इतकें तें आम्हांस दूरचें वाटतें! २०१८ सालीं त्याची किंमत दोन्हीं डोळ्यांस साडेआठ लाख डॉलर होती.

आमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत नेत्रवैद्यांना दृष्टिपटलावर काळे ठिपके दिसले. रोग रेटिनायटिस पिगमेंटोसा. यांत अंधारांत पाहणाऱ्या पेशी प्रथम मरतात, मग दृष्टि चहूंकडून आक्रसत नळींतून पाहावें तशी होते. आम्हीं त्यास वेळींच वैद्याकडे धाडलें असतें तर रोग थांबला नसता; पण तो वर्गांत उभा राहिला नसता.

या रोगास कारण होणारीं ऐंशींहून अधिक जनुकें आतां ज्ञात आहेत. हा उपचार त्यांपैकीं एकाच जनुकासाठीं आहे. गेल्या वर्षीं त्याची जनुकतपासणी झाली. तो आतां दिवसा दारांत बसून बोटांच्या अंदाजानें जाळीं दुरुस्त करतो. पाकीट त्यानें आमच्याच हातीं दिलें. दोष दुसऱ्याच जनुकांत निघाला. त्यानें हातांतली गांठ पुरी केली आणि म्हणाला, "गुरुजी, पुन्हां एकदां वाचा." आम्हीं पुन्हां वाचलें.