बालदिंडीतले वारकरी

आषाढी एकादशीच्या सुमारास गावोगावच्या शाळांतून बालदिंड्या निघतात. कोणी विठ्ठल होतो, कोणी रखुमाई. डोक्यावरचे तुळशीवृंदावन सावरताना एखादीची तारांबळ उडते. सोहळा मोठा रम्य असतो. परंतु कपाळी बुक्का ल्यालेल्या या पाच-सहा वर्षांच्या जीवाला वारकरी म्हणावे काय? त्याची काही धर्मश्रद्धा आहे, असे खरोखर म्हणता येईल काय?

नाही, असे उत्तर देणे सोपे आहे. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, सूर्यचंद्र, नद्या, डोंगर हे सारे कोणी माणसांनीच घडविले असावे, अशी लहान मुलांची समजूत असते. तेथे भक्ती आणि मोक्ष यांची गोष्ट दूरच.

तरीही नामदेवांची कथा आमची पाठ सोडीत नाही. वडील दामाशेटी परगावी गेलेले. बाल नामदेव नैवेद्याचे ताट घेऊन राउळात आला आणि देव जेवीत नाही हे पाहून त्याने आकांत मांडला. पुढचा चमत्कार क्षणभर बाजूस ठेवू. दामाशेटी तर नित्य नैवेद्य दाखवीत. ताट भरलेले परत येते याचे त्यांना नवल वाटले नाही. नवल वाटले ते मुलाला, कारण देव जेवतो हे त्याला अक्षरशः खरे वाटत होते. मग श्रद्धा कोणाची म्हणायची, बापाची की लेकाची?

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. विश्वास मुलाजवळ असतो, किंबहुना प्रौढांहून निखळ असतो. पण तो आईबापांच्या शब्दावरचा विश्वास होय. पंथ ही पत्करण्याची गोष्ट आहे, आणि ज्याला नाकारता येत नाही त्याने ती पत्करली असे कसे म्हणावे? शासनमान्य वा अनुदानित शाळेतील धार्मिक शिक्षणास व उपासनेस आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने संमतीची अट घातली. विद्यार्थी सज्ञान नसेल तर संमती पालकाची. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, धर्मस्वातंत्र्य थेट बालकाचे मानले आणि पालकांकडे मार्गदर्शन ठेवले, तेही मुलाच्या वाढत्या समजेच्या बेताने.

दिंडीहून परतलेले मूल 'देव खरेच जेवतो का?' असे विचारील, तेव्हा 'असे विचारू नये' म्हणून त्याला गप्प करणाऱ्या वडीलधाऱ्यांचीच आम्हांस अधिक काळजी वाटते. नामदेवाने तर देवालाच जाब विचारला होता. आणि पंढरीच्या महाद्वारातील पायरी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.