रुग्णालयातील बिनतारी ओळख

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणारी कुटुंबे आजारपणात ज्यांचा आधार शोधतात, अशी दोन मोठी रुग्णालये, म्हणजे महापालिकेचे साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्यास सारी पंचक्रोशी नुसते ‘वायसीएम’ म्हणते, आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे विस्तीर्ण रुग्णालय, पिंपरीच्या संत तुकाराम नगरात उभी आहेत. ६ मार्च २०२२ पासून तेथे मेट्रोही थांबते. आणि रुग्णासाठी डबा घेऊन आलेला नातेवाईक कार्ड टेकवून फाटकाबाहेर पडतो, तेव्हा जी विद्या तो नकळत वापरतो, तिची खरी गरज पलीकडच्या वॉर्डांत आहे, असे माझे निश्चित मत आहे.

त्या कार्डात बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच आतील वेटोळे वीज मिळवते, चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. परावर्तित शक्तीने संदेश पाठविण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडली होती. परंतु ती रुपयांत परवडण्यास कित्येक दशके जावी लागली.

मेट्रोचे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलते, तेही चार बोटांच्या अंतरावरून. चाकणच्या मालमोटारीच्या काचेवरील फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, कित्येक मीटरांवरून. दुसऱ्या जातीच्या लहरी पाणी शोषून घेते व धातू परतवतो, म्हणून चाकाच्या खुर्च्या, धुलाईच्या चादरी यांच्या मोजदादीस त्या योग्य असल्या, तरी रक्ताच्या पिशवीस पहिलीच जात मानवते.

आणि रक्ताची पिशवी हेच या यंत्रणेचे अव्वल स्थान होय. विजोड गटाचे रक्त चढण्याचे अनर्थ बहुधा तपासणीच्या दोषाने नव्हे, तर माणसांच्या वा नमुन्यांच्या अदलाबदलीने घडतात; दात्यापासून शीतकपाटापर्यंत आणि तेथून खाटेपर्यंत पिशवीचा प्रत्येक मुक्काम दफ्तरात आपोआप नोंदला गेला, आणि रुग्णाच्या मनगटावरील पट्टीशी तिचा मेळ बसल्याखेरीज सुई टोचायचीच नाही असा दंडक घातला, तर रात्रपाळीत अनेक खाटा एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी एक न थकणारा साक्षीदार उभा राहतो. नवजात बालकाच्या पायातील पट्टी आईच्या पट्टीशी जोडणे, शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेली गॉजची घडी बाहेरूनच हुडकणे, हीही याच विद्येची कामे. कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी मात्र हिचा पहिला पैसा खर्च होऊ नये. त्याने रुग्णाचे एक दुखणेही कमी होत नाही.

सावधगिरीचा तपशीलही सांगितला पाहिजे. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील ४१ उपकरणांजवळ या लहरी सोडून १२३ चाचण्या केल्या, तेव्हा ३४ प्रसंगी उपकरणांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यांतील २२ प्रसंग धोकादायक ठरले. व्हेंटिलेटर किंवा औषधाचा सिरिंज पंप अशा रीतीने बिघडणे म्हणजे थेट प्राणाशी गाठ. यास्तव कंत्राट देण्यापूर्वीच रुग्णालयाच्या जैववैद्यकीय अभियंत्याने त्याच वॉर्डातील, त्याच पंपाजवळ, रुग्ण जोडलेला नसताना, वाचकयंत्र चालवून पाहावे आणि वाचकयंत्राने राखावयाचे किमान अंतर लेखी मुक्रर करून परिचारिकांच्या हाती द्यावे.