पाट्यांचे गंजलेले बोल्ट

पिकअप ट्रकचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलताना सर्वाधिक वेळ खातो तो पाट्याच्या टोकाच्या गोल छिद्रातून जाणारा बोल्ट. अमेरिका व कॅनडाच्या थंड भागांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खारट पाण्याने पोलाद झपाट्याने गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून बोल्ट आणि त्या छिद्रातल्या रबरी बुशमधली पोलादी नळी एकमेकांना घट्ट धरतात. नट निघतो, पण बोल्ट नळीसकट फिरतो आणि रबर नुसते पिळले जाते.

आदल्या दिवशीच तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरणे जिवावर बेतू शकते; चेसिसखाली भक्कम स्टँड, अ‍ॅक्सलला वेगळा आधार आणि पुढच्या चाकांना ठोकळे हवेतच. सहा पैलूंचा सॉकेट आणि लांब दांडा वापरावा. नट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा.

ज्योतीने तापवलेला नट प्रसरण पावून सुटतो, मात्र इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या जवळच असतात, रबरही पेटते. त्यापेक्षा पाट्यावरचा ताण उतरवून, पाटा आणि त्याला चेसिसशी जोडणारा हँगर यांच्या फटीत बोल्ट करवतीने कापणे शहाणपणाचे. ठिणग्या उडवणारा ग्राइंडर टाकीपासून दूरच बरा.

नवा पाटा बसवताना, त्याला अ‍ॅक्सलशी बांधणारे जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. रबरी बुशचे नवे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.