जुन्या गाडीचा कार्बोरेटर गळतोय? आधी कॉक बंद करा
जुनी स्प्लेंडर उभी केली की खाली पेट्रोल ठिबकतंय? पेट्रोल कॉक बंद करा. गाडी कडब्याजवळ लावू नका, बिडी-काडी लांबच.
बहुतेक वेळा आतल्या नीडलखाली कचरा अडकलेला असतो. इंजिन गार झाल्यावर वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करा, घाण पेट्रोल डब्यात काढा. कॉक क्षणभर उघडून वाटी धुऊन घ्या, स्क्रू आवळा. तरी गळलं तर मेकॅनिककडून नीडल आणि वाटीचं रबर बदला. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (त्यात आपला ऊसही आलाच!), जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं.
इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका. पातळ ऑइलवर इंजिन घासतं, खर्च हजारांत जातो.